ओरखडे

बाबांचं सोन्याचं जुनं मनगटी घड्याळ दादाला द्यायचं ठरलं, कारण अशी घड्याळं जमवायचा नाद त्यालाच. मी ते हौसेनं सोनाराकडून चकाचक करून आणलं. दादानं डोळ्याला भिंग लावलं आणि कपाळावर हात मारला.

"अगं, पॉलिश केलंस? वाटोळं केलंस! ओरखड्यांनाच तर किंमत असते. त्यांत माणसाचं आख्खं आयुष्य दिसतं."

आयुष्य म्हणे! वाचा गेल्यावर बाबा दोन वर्षं अंथरुणावर होते. हाक मारायची झाली की घड्याळाचा हात पलंगाच्या लोखंडी दांडीवर आपटायचे. ओरखडे त्याचेच होते. त्या दोन वर्षांत एकदाही न फिरकलेला माझा भाऊ आता भिंग लावून तेच शोधत होता.