जिवंत पाण्याचा श्वास

धुळाजी महाराज पाण्याचा श्वास दाखवणार म्हटल्यावर शाळेच्या खोलीत पाय ठेवायला जागा उरली नाही. शेजारच्या चकलांब्याहूनही टेम्पो भरून माणसं आली. दोन महिने टँकरवर जगलेल्या गावाला कुणाचाही श्वास चालतो.

गावच्या पाणीपुरवठा सोसायटीला एकच बोअर मंजूर होता. भूजल खात्याच्या लोकांनी बौद्ध वस्तीजवळ खूण केली होती. चेअरमन विठ्ठलरावांना तो आपल्या मोसंबीच्या बागेत हवा होता. अर्थात, गावाच्या भल्यासाठी.

महाराजांनी सूक्ष्मदर्शक पडद्याला जोडला. काडीएवढ्या काचनळीत बागेतल्या विहिरीचं पाणी भरलं, पुडीतून अंगाऱ्याचे दोन कण सोडले. पडद्यावर बुडबुडे उठले.

"आपण जिवंत झरा म्हणतो ना? जिवंत आहे, तर श्वास घेणारच."

मग वस्तीच्या हातपंपाचं पाणी, दुसऱ्या पुडीतला अंगारा. पडदा गप्प.

"हे पाणी मेलेलं आहे," महाराज डोळे मिटून म्हणाले.

ते पाणी कळशीतून आणणाऱ्या वस्तीतल्या चतुराबाईंनी मान खाली घातली. जन्मभर त्या हेच पाणी प्यायल्या होत्या. मला भयंकर संताप आला.

दूध सोसायटीत भेसळ तपासणारी मालन उठली. "महाराज, बागेचा श्वास परत दाखवा की. मोबाईलवर हळू करून बघते."

"बघ पोरी. देवाला कशाची भीती?"

तिनं नळीमागे बल्ब धरला. मागून उजेड पडला की बुडबुड्याची कड काळी, ठसठशीत दिसते. स्लो मोशनमध्ये पळभराचा खेळ मुंगीच्या चालीनं सरकू लागला. प्रत्येक बुडबुडा अंगाऱ्याच्या कणावरच फुगून सुटत होता. कण विरघळला, श्वास संपला.

मालननं तीच पहिली पुडी उचलून हातपंपाच्या पाण्यात कण टाकले. मेलेलं पाणी धापा टाकू लागलं. मग तिनं दोन्ही पुड्यांतली चिमूट जिभेला लावून बघितली.

"खायचा सोडा अन् लिंबूसत्त्व हाय यात. दुसऱ्या पुडीत नुसती राख."

विठ्ठलराव उसळले, "मंग माझ्या बागेत पानी न्हाई म्हनतीस का?"

"मी कावून म्हनू? ते जमीन तपासनारे सांगतेल. सोड्याला काय कळतंय?"

महाराजांना अचानक समाधी लागली. गावानं हात वर करून मत दिलं आणि बोअर खुणेच्या जागीच ठरला.

चतुराबाईंनी कळशी कमरेवर घेतली. "मंजी आमचं पानी मेलेलं न्हवतंच."

"न्हाई, मावशी," मालन म्हणाली.

मेलं होतं ते आमचं विचारणं. बुडबुडा दिसला की हात जोडण्याआधी तो कुठून निघाला एवढं बघा. नाहीतर कुणीही दोन पुड्या घेऊन येईल आणि आपल्याच शेजाऱ्याचं पाणी आपण मेलेलं ठरवू.