डावीकडून सायकल

"हातात फडकं धरून गाडी चालवणारी बाई मी अख्ख्या जन्मात पाहिली नव्हती," गाडी शिकवणारा मास्तर खिडकीकडे तोंड करून पुटपुटला. गाडी ती केवढीशी. खिडकीला सांगितलेलं शेजारणीला ऐकू जाणारच.

लाँड्रीवाल्या काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि स्टिअरिंगवरचं फडकं आणखी घट्ट धरलं. त्या स्टिअरिंगवर दिवसाकाठी पंधरा जणांचे घामेजलेले हात फिरत. हात लावला की डिंकाला लावल्यासारखा चिकटायचा. गाडीत जुन्या पायमोज्यांचा वास, त्यावर उतारा म्हणून आरशाला टांगलेल्या, लिंबू छापलेल्या सुगंधी पुठ्ठ्याचा वास, आणि दोघांच्या संसारातून जन्मलेला एक तिसराच वास. मास्तर जास्तीच्या किल्लीनं कान कोरायचा आणि मग त्याच किल्लीनं "इथून वळा" म्हणून रस्ता दाखवायचा. काकू किल्लीकडे न बघता वळायच्या. सहा आठवडे त्या रोज अशाच वळत होत्या.

आता गंमत बघा, काकू काही नाजूक नाकाच्या नव्हत्या. बावीस वर्षं त्या आणि त्यांचे यजमान लाँड्री चालवत होते. दवाखान्याच्या चादरी, लॉजचे टॉवेल, म्हाताऱ्या माणसांची अंथरुणं, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. डाग कशाचा आहे आणि किती दिवसांचा आहे, हे त्या हातभर अंतरावरून सांगत आणि बाह्या सरसावत. जे धुतलं की जातं, त्याची कसली किळस, असं त्यांचं म्हणणं. शिसारी यायची ती झाकून ठेवलेल्याची. ओलं फडकं डब्यात घालून वर झाकण लावावं, तशा गोष्टीची.

आणि तशी एक गोष्ट दोन वर्षं त्यांच्या घरात होती.

यजमानांची नजर जात चालली होती. सगळी नाही, कडेची. समोरचं दिसायचं, बाजूचं कोणीतरी पडदा ओढल्यासारखं बंद झालं होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं होतं, आणि तो कागद यजमानांनी इस्त्रीच्या टेबलाच्या खणात, तुटक्या बटणांच्या खाली सारला होता. काकूंनी तो वाचला होता. लेकीनंही वाचला होता. खणातली बटणं प्रत्येक वेळी वेगळी पसरलेली असत, त्यावरून एकमेकींना कळलं होतं. पण घरात ते वाक्य कोणी उच्चारलं नाही. यजमान दाराच्या चौकटीवर आपटले की म्हणायचं, चौकटच मेली अरुंद. पेला सांडला की म्हणायचं, मीच काठावर ठेवला होता.

गाडीचं मात्र तसं भागेना. कपडे पोचवायची व्हॅन यजमानच चालवत. मग काकू "तेवढीच सोबत" म्हणून शेजारी बसू लागल्या आणि गप्पा मारल्यासारखा रस्ता बोलून दाखवू लागल्या. "डावीकडून सायकल येतेय बघा, किती ते ओझं लादलंय बिचाऱ्यानं." "अगं बाई, सिग्नल लाल झाला." "ती उतरतेय बाई, मूल कडेवर आहे." यजमान म्हणायचे, "दिसतंय गं, दिसतंय," आणि मग ब्रेक दाबायचे. आधी म्हणायचे, मग दाबायचे. काकूंना आपल्याच त्या लाडिक, साखर घोळलेल्या आवाजाची इतकी किळस यायची की घरी आल्यावर त्या गुळण्या करायच्या.

असंच चाललंही असतं. पण लेकीची कामाची पाळी बदलायची ठरली, आणि सात वर्षांच्या नातीला शाळेत कोण सोडणार, असा प्रश्न निघाला. यजमान जेवता जेवता म्हणाले, मी सोडीन की व्हॅननं, आजोबा कशाला असतात मग. लेक ताटात बघायला लागली, जावयानं पाण्याचा जग उगाच भरून आणला. व्हॅनला पुढे सीटा दोनच. नात बसली की काकूंना जागा नाही, आणि सात वर्षांची पोर काही रस्ता बोलून दाखवणार नव्हती.

दुसऱ्या दिवशी काकूंनी गाडी शिकायला नाव घातलं. घरात सांगितलं, असावं आपलं अडीअडचणीला. सगळ्यांनी इतक्या घाईनं मान डोलावली की काकूंना सगळ्यांचाच वीट आला, स्वतःसकट.

परीक्षा शुक्रवारची, शाळा सोमवारपासून. नापास झालं तर पुढची तारीख महिन्यानं. त्या दिवशी सकाळी मास्तरनं फोनवर बजावलं होतं, परीक्षा घेणाऱ्या बाई कडक आहेत, त्यांना बडबड खपत नाही. "तुम्ही जी ती रस्त्याची कॉमेंट्री करता ना काकू, ती आज नको. तोंडाला कुलूप."

परीक्षेच्या मैदानाशी यजमानांनीच त्यांना व्हॅननं आणलं. म्हणजे काकूंनी बोलून आणलं.

आतल्या खोलीत सही करायला दोरीनं बांधलेलं एक पेन होतं, त्याचं टोपण कित्येक जणांनी चावून चावून दातांचा नकाशा केलेलं. काकूंनी ते फडक्यात धरून सही केली. परीक्षक बाई आल्या त्या शिंकतच. नाक लाल, हातात कागदी रुमालांचा बोळा. मास्तरनं मैदानावर आणून ठेवलेल्या गाडीत बसल्या, बोळा दाराच्या कप्प्यात कोंबला, नवा काढला. आता अर्धा तास हा बोळा आपल्या सोबतीला, या विचारानं काकू आपल्या दाराला चिकटून बसल्या. पण म्हणायचं कोणाला, तोंडाला कुलूप.

आणि कुलूप घातल्यावर भलतंच झालं. काकूंना दिसेनासं झालं. डोळे उघडे, काच स्वच्छ, पण रस्ता डोक्यात शिरेना. चौकात मोकळी वाट असताना त्या थांबून राहिल्या, मागून तीन गाड्यांनी भोंगे वाजवले. चढावर गाडी बंद पडली. बाईंनी काहीतरी लिहिलं, शिंकल्या, पुन्हा लिहिलं. दोन वर्षं जे बोललं तेवढंच पाहायची सवय लागली होती. तोंड मिटलं तसे डोळेही मिटल्यासारखे झाले.

बाजाराच्या वळणाला काकूंच्या तोंडून निसटलं, "डावीकडून सायकल."

पाय त्याच क्षणी ब्रेकवर पडला होता. उभ्या टेम्पोच्या आडून पिशव्या लटकवलेली एक सायकल सुळकन समोरून गेली. सायकलवाल्यानं मान वळवूनसुद्धा पाहिलं नाही.

मग काकूंनी कुलूपबिलूप सोडून दिलं. पुढे म्हातारे बाबा, आधी जाऊ द्या त्यांना. सिग्नल पिवळा, आता नको. उजवीकडची गाडी निघणार, तिचा दिवा लागलाय. आवाजात साखर नव्हती, लाड नव्हता. दुकानात कपडे मोजताना असतो तसा आवाज. मैदानात परत आल्यावर दोन लाल खांबांच्या मध्ये मागं मागं घेत गाडी लावली, तीही बोलत बोलत, एकदाही न अडखळता.

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. "कोणाला सांगत होतात हे सगळं?"

"सवय आहे," काकू म्हणाल्या.

"ते कळलं. कोणाला सांगायची?"

काकूंनी फडक्याची घडी घातली. मग त्या घडीची घडी घातली. बाईंनी जरा वाट पाहिली, नाक पुसलं आणि कागदावर शिक्का मारला. पास. पुढे एवढंच म्हणाल्या, की गप्प बसून तुम्ही फार वाईट चालवता, यापुढे बोलतच चालवा. हात पुढे केला. काकूंनी त्या सर्दीच्या हाताकडे क्षणभर पाहिलं आणि तो दोन्ही हातांनी धरला, फडक्याशिवाय.

काकू उतरल्यावर यजमानांनी एकट्यानं लावलेली व्हॅन दोन गाड्यांच्या जागेत तिरपी उभी होती. कडेचा आरसा एका खांबाला टेकून मुडपला होता. यजमान स्टिअरिंगमागेच बसले होते. कागद बघून त्यांचा चेहरा फुलला. खरंच फुलला, त्यात खोट नव्हती. आपल्या बायकोनं पहिल्याच फटक्यात बाजी मारली, हे लेकीला कधी एकदा सांगतो असं त्यांना झालं होतं. मग ते म्हणाले, "नीट ठेव हा कागद. अडीअडचणीला होईल. चल, बस."

काकू त्यांच्या दारापाशी उभ्या राहिल्या. किल्ली द्या, एवढंच म्हणायचं होतं. पण त्या दोन शब्दांच्या मागे घरात दोन वर्षं कोणी न उच्चारलेलं ते वाक्य उभं होतं, आणि ते जिभेवर यायच्या आधीच घशात आंबट पाणी आलं. त्या मागून वळसा घालून शेजारच्या सीटवर जाऊन बसल्या. मास्तर ठेवायचा तसा हात हँडब्रेकवर ठेवला.

यजमानांनी गाडी चालू केली आणि वाट पाहिली.

काकू गप्प.

"निघू ना?"

काकू समोर पाहत राहिल्या. गाडी गुरगुरत होती. मागून कोणी तरी पावलं वाजवत गेलं. एका बाजूनं इंजिनाचा आवाज आला आणि दूर गेला. यजमानांनी मान या बाजूला वळवली, मग त्या बाजूला, पुन्हा या बाजूला, अनोळखी खोलीत दिव्याचं बटण शोधावं तशी. कपाळावर घाम आला.

"बोल ना काहीतरी," ते म्हणाले.

"काय बोलू?"

"नेहमी बोलतेस ते."

काकूंनी ओठ आवळून धरले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं तरी पुसलं नाही, कारण एक हात ब्रेकवर होता आणि दुसऱ्यात तो कागद.

यजमानांनी गाडी बंद केली. किल्ली काढली, तळहातावर ठेवली, तिच्याकडे पाहिलं. किल्ली अगदी समोर होती, म्हणून दिसत होती.

"तू बोलली नाहीस ना," ते हळूच म्हणाले, "तर मला दिसत नाही गं."