पंखवंश, भाग सातवा

मला कापूस वेचता येत नाही, हे आधीच सांगून टाकते. लग्न होऊन बाभुळगावजवळच्या या गावात आले, पहिल्याच हंगामात सासूबाईंनी कमरेला झोळी बांधून दिली आणि संध्याकाळी माझा वेचा पाहून तोंडाला पदर लावला. मी बोंडाला हात घातला की कापसाआधी काडीकचरा हातात येतो आणि बोटं फाटतात ती वेगळीच. पण माणसाला सगळंच आलं पाहिजे असं कुठे आहे? मला वाचता येतं. दहावीला मराठीत अठ्ठ्याहत्तर गुण होते आणि ते मी अजून कोणाला विसरू दिलेले नाहीत.

दोन हजार सहा सालच्या हंगामात मी वाचनालयातून 'पंखवंश'चा पहिला भाग आणला. दुपारच्या भाकरीनंतर झाडाखाली बसून मोठ्यानं वाचत होते. वेचणीला उठायची वेळ झाली, पण आमच्या टोळीतली एकही बाई उठेना. राजकन्या बुरुजावर उभी आणि खाली तो पंख मिटून उभा, अशा जागी कोण उठणार? टोळीची मुख्य कांतामावशी. तिला अक्षर वाचता येत नाही, पण तोडगे फार सुचतात. तिनं ठरवून टाकलं की शीलानं, म्हणजे मी, वेचायचंच नाही. शीलानं मधल्या तासातून, म्हणजे कापसाच्या दोन ओळींमधून, चालत चालत वाचायचं, बाकीच्यांनी दोन्ही बाजूंनी वेचायचं, आणि तास संपला की प्रत्येकीनं शीलाच्या झोळीत एक ओंजळ कापूस टाकायचा. त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा माझी झोळी भरली.

शेताचे मालक सदाशिवराव तिसऱ्या दिवशी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, येऊन हे काय भजन लावलं म्हणून ओरडले. मग त्यांच्या लक्षात आलं की ऐकायच्या नादात एकही बाई मागे राहत नाही आणि तास लवकर संपतात. आठवड्याभरात ते स्वतःच काहीबाही निमित्त काढून धुऱ्यावर बसायला लागले. एकदा तर मी पान उलटायला थांबले, तेव्हा पुढे काय झालं म्हणून त्यांनीच विचारलं.

'पंखवंश' म्हणजे सात गडांवरच्या राजघराण्याची कथा. या घराण्यातल्या पुरुषाला खरं प्रेम झालं की पाठीतून पंख फुटतात. टोळीतली इंदूबाई म्हणाली होती, "आमच्यावाल्याले वीस वर्षांत एक पीस बी नाही फुटलं." प्रत्येक भागात जोडी नवी, पण आधीच्या भागातली जोडपी येत-जात राहतात. पहिल्या भागातली नायिका चौथ्यात कोणाची तरी जाऊ असते आणि पाचव्यातला खलनायक दुसऱ्यातल्या नवरीचा मामा निघतो. शहरातल्या वाचकांना म्हणे यासाठी पुस्तकाच्या शेवटी वंशावळ छापून द्यावी लागते. आमच्या बायकांना कशाला लागते वंशावळ? कोणाची नणंद कोणाच्या दिराला दिली हे त्यांना पाच-पाच गावांचं पाठ असतं. सात गड त्यात सहज बसले.

कांतामावशीनं मला पहिल्याच दिवशी एक ताकीद दिली होती. ती नवीन सून असताना माहेराहून पत्र आलं होतं. सासऱ्यानं ते वाचून दाखवलं, सगळे खुशाल आहेत म्हणून. ऐन वेचणीचे दिवस होते, त्याला कामाचं माणूस हातचं जायला नको होतं. तिची आई वारली होती, हे तिला सव्वा महिन्यानं बाजारात भेटलेल्या माणसाकडून कळलं. ते सांगून ती मला म्हणाली होती, "जे लिहिलं हाय तेच वाच, शीले. गोड करून वाचू नोको." मी हो म्हटलं. मनापासून म्हटलं.

सहाव्या भागाच्या शेवटी अरुणध्वज मेला. म्हणजे मेला असं लिहिलेलं नव्हतं. त्याचे पंख जळाले आणि तो कड्यावरून काळ्या नदीत पडला, एवढंच. हा अरुणध्वज सगळ्यांचा लाडका. त्याला सगळ्या जणी अरुणच म्हणत. कापसाच्या पऱ्हाटीत उभ्या राहून अकरा बायका रडत होत्या. त्या साली शेतकऱ्यांच्या आत्महत्यांवर लिहायला आमच्या जिल्ह्यात पत्रकारांच्या गाड्या फार फिरायच्या. तशीच एक गाडी रस्त्यावर थांबली आणि एक पोरगी हळूच शेतात आली. कौन गया, तिनं हलक्या आवाजात विचारलं. इंदूबाईनं डोळे पुसत सांगितलं, अरुण. वय? जवान होता. किती एकर होतं? इंदूबाई म्हणाली, तीन किल्ले होते. पोरीनं तेही लिहून घेतलं, इंदूबाईच्या खांद्यावर हात ठेवला आणि गेली.

या गोष्टीवर आम्ही नंतर पोट धरून हसलो. त्या दिवशी मात्र नाही. आमच्यातल्या विमलताईचा दीर त्याच श्रावणात गेला होता. त्याच्या वेळी विमलताईच्या डोळ्यांतून टिपूस निघालं नव्हतं. अरुणसाठी ती संध्याकाळपर्यंत रडत होती. मला ते पाहवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सातवा भाग आणायला बाभुळगावला गेले, तर वाचनालयाचे धर्मपाल सर म्हणाले, सातवा नाही. एका मास्तरांच्या बायकोनं नेला आणि मास्तरांची बदली पांढरकवड्याला झाली. त्यांना पत्रं टाकून सरांची बोटं दुखली होती. मी रिकाम्या हातानं परत निघाले होते. मग विमलताईचा चेहरा आठवला. आणि खरं सांगायचं तर माझी फाटकी बोटंही आठवली. मी मागे फिरले, कपाटातून साधारण तेवढंच जाड एक पुस्तक उचललं आणि घेऊन आले. ते शेळीपालनाचं होतं.

नऊ दिवस मी शेळीपालनाच्या पुस्तकातून पंखवंशाचा सातवा भाग वाचला. नावावर हात ठेवला होता, पण मुखपृष्ठावरची शेळी काही झाकली जात नव्हती. पहिल्याच तासाला कांतामावशीनं विचारलं, यावर बकरी काहून? मी म्हटलं, येते पुढे. मग आणावीच लागली. अरुण वाहत वाहत काठाला लागला, एका म्हाताऱ्या धनगरणीला सापडला, तिच्या शेळीचं दूध पिऊन बरा झाला. त्यानं तिची शेळ्यामेंढरं राखली, तिचं छप्पर शाकारलं, पाठीवर पुन्हा कोवळे पंख फुटले आणि नवव्या दिवशी तो घरी गेला. विमलताई त्या दिवशी वेचताना गुणगुणत होती. मला इतका आनंद झाला होता की आपण काय केलं हे ध्यानातच आलं नाही.

ते आलं आठव्या भागाच्या पहिल्या पानावर. तिथे अरुणची बायको हेमगर्भा विधवा होती.

आठव्यापासून अकराव्यापर्यंत ती बया पांढऱ्या वस्त्रात फिरते. प्रत्येक भागात दोन-चारदा तरी येते, खिडकीत उभी राहते आणि सुस्कारे टाकते. मी अरुणला कामानिमित्त परगावी पाठवला. चार भाग तो परगावीच होता. इंदूबाईला संशय आला. नवरा जिता असताना ही पांढरं काहून नेसते, असं तिनं विचारलंच. माझ्या तोंडून काही निघायच्या आत कांतामावशीनं तिला झापलं, "काहून म्हंजे? आमच्यात लग्नात नवरी पांढरंच नेसते. बौद्ध असन थे." त्यावर सगळ्यांचं समाधान झालं. राजघराण्यात आपल्यातली एक सून आहे म्हणून कांतामावशी पुढचे चार भाग ताठ मानेनं वेचत होती, आणि मी खाली मान घालून वाचत होते.

हे सगळं दोन वर्षांत निभावून गेलं असतं. पण दोन हजार आठच्या दसऱ्याला धर्मपाल सरांनी सांगितलं की बारावा भाग दिवाळीच्या सुमारास येतोय, शेवटचा. टोळीत एकच गलका झाला. कांतामावशी म्हणाली की लग्नाला जायचं आणि कोण कोणाचं हे ठाऊक नसायचं, हे काही बरं दिसत नाही. बारावा यायच्या आत अकराही भाग पुन्हा वाचायचे. मी म्हटलं, मावशी, तुम्हा सगळ्यांना तर पाठ आहेत. ती म्हणाली, म्हणूनच.

एक ते सहा मजेत झाले. आपल्याला आधीच ठाऊक असलेलं ऐकण्यात बायकांना दुप्पट गोडी असते. खलनायक नुसता दारात आला तरी इंदूबाई पऱ्हाटीतून त्याचा उद्धार करायची. सहावा संपला त्या आठवड्यात मी वाचनालयात गेले, तर धर्मपाल सर उठून उभे राहिले. मास्तरीणबाईंनी सातवा परत पाठवला होता. बारावाही सोमवारी येतोय, असं त्यांनी सांगितलं. त्यांना वाटलं मी आनंदानं गप्प झाले.

घरी येऊन वाचला. अरुणध्वज सव्विसाव्या पानावर मरतो. उरलेला भाग त्याच्या धाकट्या भावाच्या प्रेमाचा आहे.

आता काय करायचं? खरा वाचला तर दोन वर्षांपूर्वीचं उघडं पडणार. माझाच पुन्हा सांगितला तर पुन्हा तेच पाप. मला टोळीची भीती नव्हती. त्या हसल्या असत्या, चिडल्या असत्या, चार दिवसांनी विसरल्या असत्या. मला कांतामावशीची भीती होती. तिच्या सासऱ्यानं केलं तेच मी केलं होतं, आणि तिनं आधी सांगून ठेवलेलं असताना केलं होतं. शेवटी मी भित्र्या माणसासारखं ठरवलं की खरं पुस्तक हातात धरायचं आणि माझीच गोष्ट सांगायची.

पण मी ती विसरले होते. अरुणला एका भोयानं नदीतून काढलं, असं मी म्हटलं. विमलताई म्हणाली, भोई नाही, धनगरीण. मी म्हटलं, हो, ओळ चुकली. पुढे मी त्याचा डावा पाय मोडला, तर इंदूबाई म्हणाली, मागच्या बारीला उजवा होता. तिसऱ्यांदा मी धनगरणीचं नाव चुकवलं तेव्हा सगळ्या जणी वेचायच्या थांबल्या होत्या. कांतामावशी तास ओलांडून आली आणि माझ्या हातातल्या पुस्तकाकडे बघत उभी राहिली. मुखपृष्ठावर दिवा घेतलेली बाई होती.

"मागच्या टायमाले यावर बकरी होती," ती म्हणाली. "बकरी कुठं गेली, शीले?"

अक्षरं येणाऱ्या माणसाला वाटतं, पुस्तक म्हणजे अक्षरं. ज्याला अक्षर येत नाही तो काय लक्षात ठेवत असेल, याचा मी कधी विचारच केला नव्हता. मी सगळं सांगून टाकलं. मास्तरीणबाई, शेळीपालन, परगावी गेलेला अरुण, सगळं. इंदूबाई इतकी हसली की तिच्या झोळीतला कापूस सांडला. तिला म्हणे तेव्हाच शंका आली होती. बाकीच्या भागांत कोणी कधी जेवतं का? नुसते एकमेकांच्या डोळ्यांत बघतात. सातव्यात मात्र सगळे जेवत होते, राजा रोडगे आणि वांग्याची भाजी खाऊन ढेकर देत होता. विमलताईलाही हसू आवरेना. धुऱ्यावरून सदाशिवरावांचा आवाज आला की शेळीच्या दुधानं मोडलेला पाय जुळत नाही, हे त्यांनाही तेव्हाच खटकलं होतं.

कांतामावशी हसली नाही. ती आपल्या तासात परत गेली आणि वेचू लागली. त्या दिवशी वाचन झालं नाही. मी झोळी बांधून वेचलं, काडीकचऱ्यासकट. घरी जाताना ती माझ्यापुढे वीस पावलं चालत होती. रोज आम्ही बरोबर जायचो. मला खूप रडू आलं, आणि या वेळी पुस्तकातलं कोणी मेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेतात गेल्यावर ती एवढंच म्हणाली, लिहिलेलं वाच. मी वाचलं, एक अक्षर इकडचं तिकडे न करता. सव्विसाव्या पानावर अरुण मेला. कोणी रडलं नाही. धाकट्या भावाचं प्रेम जुळलं, त्याला पंख फुटले, तिसऱ्या दिवशी दुपारी भाग संपला. मी पुस्तक मिटलं. बारावा सोमवारीच आला होता आणि धर्मपाल सरांच्या टेबलावर आमच्यासाठी बाजूला ठेवलेला होता. अजून आठ ते अकरा पुन्हा वाचायचे होते, या वेळी हेमगर्भेला विधवा ठेवून. मी आठवा उघडला.

"थांब," कांतामावशी म्हणाली. "आता तुयावाला सातवा वाच."

मी म्हटलं, मावशी, तो खोटा आहे.

"खोटा हाय हे सांगतलं ना तू आता? मंग झालं. माह्या सासऱ्यानं बी गोड वाचून दाखवलं असतं, अन् मंग म्हटलं असतं का हे म्या मनानं वाचलं, पत्रात येगळंच हाय, तं म्या दोन्ही आयकलं असतं. माहेरी बी गेली असती." ती बोंडातून कापूस काढत होती, माझ्याकडे बघत नव्हती. "माय मेल्याचं दुःख होतंच, शीले. पण कोणालेच सांगाव वाटलं नाही, याचं जास्त झालं. तू पह्यले सांग का हा शीलाचा हाय, अन् मंग वाच."

मी आठवा मिटून खाली ठेवला. विमलताईनं पाणी दिलं. बाकीच्या जणी आपापल्या तासात उभ्या राहिल्या, पण अजून कोणी बोंडाला हात लावत नव्हतं. धुऱ्यावर सदाशिवराव येऊन बसले होते. माझ्या हातात कुठलंच पुस्तक नव्हतं आणि ते सगळ्यांना दिसत होतं.

"पंखवंश, भाग सातवा," मी मोठ्यानं म्हटलं. "हा शीलाचा आहे."

कांतामावशीनं मान हलवली. मग मी अरुणध्वजाला नदीतून बाहेर काढलं. तिला विचारत विचारत काढलं, कारण कुठे काय होतं ते सगळं तिलाच पाठ होतं.