साल्वादोरचे सात गडी

मसुऱ्याच्या बाजारातल्या वाचनालयाच्या पडवीत टांगलेला काळा फळा, तो मी. माझ्यासमोर आलेला माणूस आधी थांबतो, मग वाचतो, मग हळहळतो आणि मग शेजारच्या हॉटेलात जाऊन चहा मागवतो. हा क्रम इतकी वर्षं बघतोय की आता मला त्याचा राग येत नाही.

मी फणसाच्या लाकडाचा. सुताराने तीन फळ्या जोडल्या, करवंटीचा कोळसा वाटून काळा रंग दिला आणि मला शाळेत चौथीच्या वर्गात उभं केलं. त्या वर्गात गुरुदास आणि साल्वादोर अशी एक जोडी होती. गुरुदास माझ्यावर गुरुजींचं चित्र काढायचा आणि गुरुजी यायच्या आत साल्वादोर ते शर्टाच्या बाहीने पुसायचा. एकदा त्याला पुसायला उशीर झाला. मार दोघांनी सारखाच खाल्ला.

पुढे गुरुदास चित्रकलेचे मास्तर झाले. साल्वादोरने शेती केली आणि कबड्डी खेळली. शाळेत नवे फळे आले तेव्हा मला अडगळीत टाकलं. मधल्या फळीला तडा गेला तो तिथेच. निवृत्त झाल्यावर मास्तरांनी मला शोधून काढलं, रंग दिला आणि इथे आणून टांगलं. तेव्हापासून मला एकच काम. टीव्हीवरची कोणी नटी गेली, कोणी नट गेला, कोणी खेळाडू गेला, की मास्तर ओल्या फडक्याने मला पुसतात, रंगीत खडूंनी त्या माणसाचा चेहरा काढतात आणि खाली चार ओळी लिहितात.

किती जण माझ्यावरून गेले! मालिकेत दहा वर्षं सुनेला छळणारी ती सासू गेली, तेव्हा मासे विकणारी शेवंती पाटी खाली ठेवून माझ्यासमोर रडली. "जिती होतंस तेवा रोज गाळी घातलंय गो तुका," म्हणाली आणि केसांतला अबोलीचा वळेसार काढून माझ्या खिळ्याला अडकवून गेली. डावखुरा फिरकी गोलंदाज गेला त्या दिवशी हॉटेलातल्या लोकांनी त्याची एकच ओव्हर संध्याकाळपर्यंत आठ वेळा टाकली. यातलं कोणी मसुऱ्यात कधी पाऊल ठेवलं नव्हतं. पण दिवेलागणीनंतर घराघरांत तीच माणसं बसायला यायची. ज्याच्यासमोर बसून रोज जेवलो, तो परका कसा म्हणायचा?

मास्तरांचा नियम मात्र कडक. टीव्हीवर दिसलेलाच माणूस फळ्यावर. गावातल्या मयतांना बॅनर आहेत.

या नियमावरून साल्वादोर त्यांच्याशी कायम भांडायचा.

"मी गेल्यार माका लिवतलंस मां रे, गुरु?"

"तू टीव्हीर खंय दिसलंस?"

खरं तर तो दिसला होता. तरुणपणी राज्य स्पर्धेचा एक सामना दूरदर्शनने अर्धा तास दाखवला आणि त्यात साल्वादोरने सात गडी बाद केले. पण नेमकी तेव्हाच गावातली वीज गेली. गावात टीव्ही एकच. सगळं गाव घामाघूम होऊन काळ्या काचेकडे बघत बसलं आणि वीज आली तेव्हा बातम्या लागल्या होत्या.

"आमी बघूक नाय," मास्तर म्हणायचे, "म्हणजे तू दिसूक नाय."

साल्वादोर मोठ्याने हसायचा. पण मास्तर घरी गेले की तो माझ्यासमोर उभा राहून रिकाम्या जागेत आपलं नाव कुठे बसेल ते बघायचा. मला त्याची फार दया यायची. मला लिहिता येत असतं तर मीच लिहिलं असतं.

गेल्या वर्षी मास्तरांच्या हातून एक चूक झाली. मोबाईलवर बातमी आली, एक म्हातारा नट गेला. मास्तरांनी लगोलग त्याचा चेहरा काढला, शेवंतीने फुलं वाहिली, आणि संध्याकाळी तो नट टीव्हीवर येऊन सांगतोय, मी ठणठणीत आहे! तीन दिवस बाजार मास्तरांना हसला. साल्वादोरची बायको रोझालिना तेवढी त्यांची समजूत घालायला आली.

"मास्तरांनू, मरणाची खोटी बातमी इली तर माणसाचा आयुष्य वाढता. तुमी पुण्यच केलात."

मास्तर हे वाक्य मनात जपून ठेवतील असं कोणाला वाटलं?

पाऊस सरता सरता साल्वादोरच्या छातीत दुखू लागलं. त्याला गोव्याच्या इस्पितळात नेलं. चौथ्या दिवशी रोझालिनाचा मास्तरांना फोन आला, डॉक्टर भरवसा देत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तर आले ते खडूंची पेटी घेऊनच. त्यांनी चढाईला निघालेला तरुण साल्वादोर काढला. खडू दोनदा मोडला. खाली लिहिलं: 'कै. साल्वादोर फर्नांडिस. राज्य स्पर्धेत टीव्हीवर पाच गडी बाद करणारे कबड्डीपटू. भावपूर्ण श्रद्धांजली.'

शेवंतीने पाटी टेकवली. "गेलो?"

"नाय."

"मगे ह्या काय?"

"वाढांदे त्याचा आयुष्य."

शेवंतीने पुन्हा वाचलं. "पण त्येणी सात मारले मां? पाच कित्याक?"

"सगळा खरा लिवलंय तर बातमी खरी होतली," मास्तर म्हणाले. "एक तरी खोटा होया."

शेवंतीचा हात केसांतल्या वळेसाराकडे गेला होता, तो तिने खाली घेतला. "मगे मी फुलां घालूचंय नाय."

तीन आठवड्यांनी साल्वादोर रिक्षातून परत आला. माझ्यासमोर त्याने रिक्षा थांबवली. रोझालिनाने वाचलं आणि मास्तरांवर कडाडली, "जित्या माणसाक मारलात?" साल्वादोर मात्र काठी टेकत जवळ आला आणि एकेक अक्षर ओठ हलवत वाचू लागला. त्याचे डोळे भरून आले होते.

"गुरु, सात रे. पाच नाय."

"माका माहीत आसा."

"मगे बदल."

"बदलूचंय नाय!"

रोझालिना रुमाल घेऊन पुसायला पुढे झाली. "रवांदे गो सांजपर्यंत," तो म्हणाला. संध्याकाळी तो पुन्हा आला आणि शर्टाच्या बाहीने त्याने स्वतःच मला पुसलं. चौथीतल्यासारखंच, वरून खाली.

त्यानंतर तो सहा-सात महिने जगला. बाजारात आला की मास्तरांना ओरडून सांगायचा, "सात हां, गुरु!"

गेल्या सोमवारी मास्तर सकाळीच साल्वादोरच्या घराकडून चालत आले. त्यांनी मला पुसलं, तोच चेहरा काढला, त्याच ओळी लिहायला घेतल्या. शेवंती पाटी डोक्यावर घेऊन मागे उभी होती. आकड्यापाशी मास्तरांचा हात थांबला. मग त्यांनी लिहिलं, 'सात'.

शेवंतीने पाटी खाली ठेवली आणि केसांतला वळेसार काढला.

तेव्हापासून मला कोणी पुसलेलं नाही. परवा एक मोठी नटी गेली, तर मास्तरांनी तिला कागदावर काढून शेजारच्या खांबाला चिकटवलं. माझा तडा वाढत चाललाय आणि पावसाळा तोंडावर आहे. आडवी सर पडवीत आली की खडू टिकायचा नाही. तेव्हा मसुऱ्यात आलात तर चहाच्या आधी माझ्याकडे या. सामन्याच्या दिवशी वीज नव्हती, कोणाला काही दिसलं नाही. आता चांगला उजेड आहे. तेवढा एक आकडा मोठ्याने वाचा आणि मग जा.