टीव्हीवरचं भस्म

विरुपाक्षअण्णांनी तोंड मिटलं ते मिटलंच. सून शिवलीला सकाळपासून वाटी घेऊन खाटेभोवती फिरत होती. आंबील झाली, मऊ भात झाला, दुधात कुस्करलेली भाकरी झाली. पण चमचा दिसला की म्हातारा भिंतीकडं तोंड करायचा. डॉक्टर काल बघून गेले. गिळता येतंय त्यांना, म्हणाले, पण मनातच नाही. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही तर दवाखान्यात आणा, नाकातून नळी घालू. शिवलीला नळीचं नावही काढू देत नव्हती. गेल्या दिवाळीच्या तोंडावर तिच्या सासूला, सुंदरम्माला, अशीच नळी घातली होती आणि ती परत घरी आलीच नव्हती.

अण्णांना त्यानंतर झटका आला. उजवी बाजू गेली, आणि तिच्याबरोबर मराठीही गेली. सोलापुरात जन्म काढलेला माणूस, पण आता कानाला फक्त कानडी चालायची, तीही बायकोनं बोलल्यासारखी. शिवलीला पडली नातेपुत्याची. लिंगायताची असली तरी तिच्या माहेरी कानडीचा गंध नाही. सासरी येऊन बा, होगु आणि ब्याड एवढंच तिनं कमावलं होतं, म्हणजे ये, जा आणि नको. एवढ्यावर कुणाला जेवू घालणार, सांगा!

तिला आधार होता टीव्हीचा. खाटेसमोरच्या जुन्या डबडा टीव्हीवर कानडी मालिका लागली, त्यातली सासू सुनेवर खेकसायला लागली, की अण्णांचं तोंड आपोआप उघडायचं आणि घास आत जायचा. पण केबलवाल्यानं धंदा गुंडाळला आणि घरातला आवाज बंद झाला. तेव्हापासून हा उपास. मोबाइलवर मालिका लावून दिली, तर त्यांनी डाव्या हातानं तो ढकलून दिला. एवढ्याशा चौकटीत त्यांना दिसणार तरी काय?

म्हणून आज गच्चीवर डिशची छत्री बसवली. सिदू मेकॅनिकनं डिशचा नवा डबा आणला, त्याच्या पिवळ्या, पांढऱ्या, लाल वायरी सोडवल्या, टीव्हीच्या मागं डोकं घातलं आणि तसंच बाहेर काढलं. मागं अँटेनाचं एकच भोक, बाकी सगळं सपाट. ही पेटी भंगारात घाला वहिनी, म्हणाला, आणि निघून गेला. नवा टीव्ही यायला रविवार उजाडणार होता, आणि नळी तर उद्यावर आली होती. शिवलीलेनं वायरी तशाच लोंबत सोडल्या. रडायलाही तिला उसंत नव्हती.

तिनं नवऱ्याला फोन लावला. महेश्वर अक्कलकोट रोडच्या कारखान्यात मागावर. तिथल्या खडखडाटात माणसाला स्वतःचा खोकला ऐकू येत नाही. उचलला एकदाचा. ती ओरडली, तो ओरडला, आणि शेवटी तो म्हणाला की पुढच्या बाजूला, बटनांच्या खाली एक झाकण हाय बघ, आपल्या लग्नाची सीडी तिथंच वायर लावून बघितली होती की.

झाकण? तिथं तर नुसता पांढरा थर होता. तिनं नखानं खरवडून बघितलं, हलेना. झाकणाची फट भरून घट्ट झाली होती. मग तिनं गोधडीची सुई काढली, टीव्हीसमोर मांडी घातली आणि रागारागानं टोचायला लागली. पांढरी भुकटी खाली पडली.

"ब्याड."

तिचा हात थांबला. मागं वळून बघितलं तर अण्णा मान उचलून टीव्हीकडं बघत होते. कित्येक दिवसांत त्यांच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

तेव्हा कुठं तिला कळलं आपण काय खरवडतोय ते. खंडेनवमीला सुंदरम्मा घरातल्या प्रत्येक यंत्राला भस्म लावायची. शिलाई मशीन, मिक्सर, महेश्वरची गाडी, आणि टीव्हीला तर आधी. जुनं पुसायचं नाही, त्याच्यावरच ओलं भस्म तीन बोटांनी ओढायचं. वर्षानुवर्षांचा तो थर चुन्यासारखा धरला होता, आणि सगळ्यात वर तिची शेवटच्या दसऱ्याची तीन बोटं होती. वरची रेघ आता अर्धी गेली होती.

बाई गं, काय करून बसले मी, शिवलीलेला वाटलं. पण मिटलेलं तोंड बोलण्यासाठी उघडलं होतं, हेही तिनं बघितलं. उद्याची नळी डोळ्यांपुढं आली. तिनं वाटी ओढली, खाटेला टेकली, आणि लांब हात करून सुई पुन्हा रेघेवर लावली.

"ब्याड," अण्णा म्हणाले, आणि चमचा आत गेला. त्यांनी डोळे विस्फारले, पण गिळलं.

वरची रेघ गेली. मधलीही जायला लागली. एक खरवड, एक नकार, एक घास. अण्णांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हिच्याही. असलं पाप कुठल्या जन्मी फेडू, असं पुटपुटत ती भरवत राहिली. सासऱ्याला असं छळून जेवू घालणारी सून अख्ख्या पेठेत दुसरी नसेल.

आता खालची एकच रेघ उरली. झाकणाची कड दिसायला लागली होती. आणखी थोडं टोचलं की ते उघडलं असतं, वायर बसली असती, कानडी आवाज घरात आला असता. दिवसभर तिनं हेच तर मागितलं होतं. वाटी अजून अर्धी होती. तिनं सुई उचलली.

या वेळी अण्णांनी तिच्या हाताकडं बघितलं, मग रेघेकडं, आणि आपणहून तोंड उघडलं.

शिवलीलेनं सुई बाजूला ठेवली. चमचा पुढं केला, तर निम्मी आंबील त्यांच्या हनुवटीवरून ओघळली. तिनं पदरानं पुसली आणि पुन्हा भरवली. प्रत्येक घासाला त्यांनी तोंड उघडलं, अगदी वाटीचा तळ दिसेपर्यंत, पण नजर रेघेवरून हलवली नाही. ती रेघ जिवंत आहे तोवर खातो, असाच काहीसा सौदा त्यांनी मनात केला असावा.

दिवेलागणीला महेश्वर आला. लोंबत्या वायरी बघून त्याचा चेहरा उतरला.

"टीव्ही लागला न्हाय?"

"न्हाय," शिवलीला म्हणाली. "मामंजी जेवले."

तो खाटेवर बापाजवळ बसला आणि लहान पोरासारखा रडला. ती चहा टाकायला उठली. सुई मात्र तिनं शिवणाच्या डब्यात ठेवली नाही, टीव्हीवरच, अण्णांना दिसेल अशी ठेवली. सकाळी पुन्हा जेवण होतं.