गाळलेला शॉट

मास्तरांनी आयुष्यात एकच सिनेमा काढला आणि तो असा आपटला, की पुन्हा कुणी त्यांच्या हाती सिनेमा दिला नाही. पुढची वर्षं त्यांनी कारखान्यांसाठी माहितीपट काढण्यात घालवली. शिडीवर कसं चढावं, यंत्रात बाही अडकू नये म्हणून काय करावं, असले. तेही मन लावून काढले. शूटिंगवरच्या लोकांनी दिलेलं ‘मास्तर’ हे नाव तेवढं चिकटून राहिलं.

घरात त्या सिनेमाचा विषय निघत नसे. त्यात मुलीचं काम त्यांची लेक चिमी हिनंच केलं होतं, तेव्हा ती सात वर्षांची होती. बोटीवर गेलेला बाप शेवटी घरी येतो, दारात उभा राहतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावरून हलायचं नावच घेत नाही. त्याच जागी थिएटरात लोक फिदीफिदी हसले होते. चिमीची आई तोवर गेली होती. निदान तिला ते हसणं ऐकावं लागलं नाही.

चिमी मोठी झाली, जाहिरातींना आवाज देऊन पोट भरू लागली. एक दिवस एक तरुण दिग्दर्शिका घरी आली. तिला त्या सिनेमाच्या पुढची गोष्ट मालिका म्हणून करायची होती. तीच मुलगी, आता मोठी झालेली, आणि ते काम चिमीनंच करावं असा तिचा हट्ट. मास्तरांनी घासाघीस न करता सही केली. म्हणाले, “उरलेली रिळंही घेऊन जा. माळ्यावर उगाच जागा अडवून बसलीत.”

चिमीनं होकार दिला तो बाबांसाठी. मालिका चालली, तर लोक सिनेमाही पुन्हा बघतील, म्हणतील, तेव्हा आपलंच चुकलं. ही आशा तिनं कुणाला बोलून दाखवली नाही.

आणि मालिका चालली. नुसती चालली नाही, डोक्यावर घेतली लोकांनी. शेवटच्या भागाबद्दल तर ओळखीचे-अनोळखी सगळे फोन करत होते. मास्तरांनी मात्र एकही भाग पाहिला नव्हता. शेवटी एका रविवारी दुपारी चिमीनं त्यांना टीव्हीसमोर बसवलंच.

“फक्त शेवटचा बघा, बाबा. माझ्यासाठी.”

“लाव.”

त्या भागात दिग्दर्शिकेनं जुना सिनेमा मध्ये आणला होता. बाप दारात उभा राहिला. चिमीनं श्वास रोखला. पण या वेळी चेहरा क्षणभरच दिसला आणि पडद्यावर आली सात वर्षांची चिमी. आधी बुजलेली. मग कुणीतरी ओळखीचं दिसावं तसा तिचा चेहरा उजळला, ओठ थरथरले, आणि ती हसता हसता रडायला लागली.

हा शॉट सिनेमात नव्हता. न वापरलेल्या रिळांमध्ये तो सापडला होता.

मास्तर पुढे झुकले. भाग संपला, नावं वर सरकून गेली, तरी ते तसेच बसून होते.

“चांगलं केलंय त्या दिग्दर्शक पोरीनं,” ते म्हणाले. “हा शॉट इथेच हवा होता. तेव्हाही इथेच हवा होता.”

“मग तुम्ही का गाळलात? मी नीट केलं नव्हतं?”

“तुझ्याइतकं नीट त्या सिनेमात कुणीच केलं नव्हतं.” त्यांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. “शूटिंगच्या वेळी तुला रडू येईना. तेव्हा तुझी आई कॅमेऱ्याशेजारी येऊन उभी राहिली. आदल्याच दिवशी दवाखान्यातून घरी आली होती, उभं राहवत नव्हतं, तरी आली. तू तिच्याकडे बघतेयस तिथे.”

“मी एडिटिंगला बसलो तेव्हा ती गेलेली होती. तो शॉट आला, की मशीन बंद करायचो. दुसऱ्या दिवशी परत लावायचो, परत बंद. मग काढूनच टाकला. शेवटाला भोक पडलं, ते त्या नटाच्या चेहऱ्यानं बुजवत बसलो. लोक हसले, त्यांचं काय चुकलं?”

“बाबा, पण आता तर सगळं—”

“आता मालिका चांगली झाली, चिमे. सिनेमा होता तसाच आहे. त्या पोरीला तो शॉट वापरता आला, कारण तू कुणाकडे बघतेयस ते तिला ठाऊक नाही.”

महिन्याभरानं एका थिएटरनं जुना सिनेमा पुन्हा लावला. आमंत्रण आलं तेव्हा मास्तरांनी गुडघ्याचं कारण सांगितलं. चिमी एकटीच गेली. थिएटर खच्चून भरलं होतं. शेवट जवळ आला, बाप दारात उभा राहिला आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर रेंगाळला. या वेळी कुणी हसलं नाही. लोक समजूतदारपणे गप्प बसले आणि दिवे लागल्यावर त्यांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. त्या भोकाला टाळ्या वाजवण्यापेक्षा ते हसले असते तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

घरी आली तेव्हा मास्तर भाजी चिरत होते.

“गर्दी होती?”

“भरलं होतं, बाबा.”

त्यांनी मान हलवली. लोक हसले का, ते विचारलं नाही. चिमीनं त्यांच्या हातातली सुरी घेतली. ते पलीकडच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडले. जेवायला हाक मारली तेव्हा, भूक नाही, म्हणाले.