वाटेवरचा गडगा

निकीफोरोसला मातीनं घेतलं नव्हतं.

तीन वर्षं झाली की कबर उघडायची, हाडं वाइननं धुऊन पेटीत घालायची आणि चर्चमागच्या अस्थिघरात बापजाद्यांच्या शेजारी ठेवायची, ही बेटाची रीत. झाबेतानं पेटी करून घेतली होती, तिच्यावर नवऱ्याचं, निकीफोरोसचं, नाव घातलं होतं, पांढरं फडकं इस्त्री करून ठेवलं होतं. आणि सोमवारी कबर उघडली तर नवरा जसाच्या तसा! लग्नातला कोटसुद्धा धड. खणणाऱ्यानं टोपी काढून तोंड फिरवलं, आणि बायकांत कुजबुज सुरू झाली. माती घेत नाही म्हणजे कुणीतरी त्या माणसाला अजून माफ केलेलं नाही. बेटावर याला दुसरा अर्थच नाही.

पाद्री लिनार्दोस बिचारा समजूत घालायला गेला. "अगं, तिथं चिकणमाती आहे. पाणी मुरत नाही. शनिवारी त्याला दुसऱ्या जागी हलवू, वर्षभरात होईल सगळं."

"पाद्रीबाबा, त्याच रांगेत माझी सासू होती. तिची हाडं कशी स्वच्छ निघाली?"

पाद्री हळूच म्हणाला, "शनिवारच्या आत कुणाच्या तोंडून क्षमेचा शब्द आणायचा असेल, तर आण." नाव त्यानं घेतलं नाही. धाकट्या दिराशिवाय होतं कोण दुसरं?

चार दिवस तिनं आज जाऊ, उद्या जाऊ केलं. शुक्रवारी सकाळी मात्र काठी घेतली आणि आपल्या आमुदीच्या पुळणीवरून, समुद्रकाठच्या वाळूवरून, निघाली. दीर स्तामातीस पलीकडच्या काव्होसच्या पुळणीवर राहतो. पूर्वी समुद्राच्या कडेकडेनं पाऊण तासाची वाट होती. कालवणाला मीठ कमी पडलं तर जावा-जावा एकमेकींकडे धावत जायच्या.

ऑक्टोबर लागला होता, पुळणीवरच्या पर्यटकांच्या छत्र्या मिटल्या होत्या. वाटेवर एक परदेशी जोडपं पाठीला पिशव्या लावून माघारी येताना भेटलं. दोघांनी हात हलवून सांगितलं, पुढं रस्ता नाही, भिंत आहे.

"मला सांगतायत!" झाबेता पुटपुटली.

जिथं कडा अगदी समुद्रापर्यंत खाली उतरतो आणि वाट जेमतेम दोन हात उरते, तिथं तो दगडावर दगड रचलेला गडगा उभा होता. पुरुषभर उंच, वर काटेरी झुडपं दाबून बसवलेली. निकीफोरोसनं रचला होता, खरं आहे. पण दिराच्या शेळ्यांनी हरभरा खाल्ला म्हणून आठ दिवस नवऱ्याचं डोकं कुणी खाल्लं होतं? झाबेतानंच. "पुरुष आहेस ना? मग वाट बंद कर!"

त्याच हिवाळ्यात स्तामातीसच्या बायकोच्या, कालीत्साच्या, पोटात शूळ उठला. दक्षिणेचा वारा सुटलेला, होडी पाण्यात घालायची सोय नव्हती. दार काढून त्यावर तिला निजवलं आणि आमुदीच्या डॉक्टरकडे निघाले. गडग्यापाशी अडले, म्हणून डोंगरावरून वळसा घेतला. कालीत्सा वरच गेली. मयत झाल्यावर निकीफोरोस पहार घेऊन गडगा पाडायला निघाला होता. झाबेता दारात आडवी झाली. "आता पाडलास तर सगळं गाव म्हणेल, यांनीच मारलं!" आणि अठरा वर्षं गडगा तिथंच राहिला. दोघं भाऊ बोलायचे बंद झाले.

गडगा चढणं एकाहत्तराव्या वर्षी शक्य नव्हतं. ती डोंगराला लागली. गुडघे बोंबलायला लागले, घशाला कोरड पडली, तरी माथा येईना. ही चढण तिनं आजवर कधी चढलीच नव्हती. आपण मोकळ्या हातानं चढतोय, ते दार उचलून चढत होते, हे सारखं मनात यायला लागलं. माथ्यावर चुन्यानं रंगवलेला एक धोंडा होता. कालीत्सा तिथं गेली होती. झाबेता बाजूनं गेली. तिथं टेकायची तिची छाती झाली नाही.

काव्होसला पोचायला दोन तास लागले. स्तामातीस अंगणात जाळं विणत बसला होता.

"वाट चुकलीस काय वहिनी?" त्यानं मान वर केली. "पण छे, वाट आहे कुठं चुकायला!"

"बोला भावजी. बोलून घ्या."

त्यानं पाण्याचा पेला आणून ठेवला. मुरांब्याची बशी आणली नाही. बेटावर दारी आलेल्या परक्यालासुद्धा चमचाभर मुरांबा मिळतो. तिनं ते बघितलं आणि गिळलं.

"तुमच्या भावाला मातीनं घेतलं नाही."

"कळलंय."

"त्याला माफ करा. एकदा तोंडानं म्हणा. उद्या त्याला हलवणार आहेत."

स्तामातीसनं सुई खाली ठेवली. "त्याला माफ करून मला तीन वर्षं झाली. मरायच्या आधी होडीनं आला होता. तू बसलीयस तिथंच बसून ढसाढसा रडला. म्हणाला, गडगा घालायची अक्कल माझी, आणि कालीत्सा गेल्यावर तो न पाडायची अक्कलही माझीच. मुरांबा खाऊन गेला." मग तो समुद्राकडे तोंड करून स्पष्ट म्हणाला, "देव त्याला क्षमा करो. झालं? सांग जा पाद्र्याला."

झालं होतं की! ज्यासाठी आली ते मिळालं होतं. काठी घ्यायची आणि निघायचं, कुणाच्या बापाला कळणार नव्हतं. झाबेता उठली, काठी घेतली आणि तशीच उभी राहिली. नवऱ्यानं मरताना तिचं पापसुद्धा आपल्या नावावर घेतलं होतं, आणि ते अंगावर घेऊन तो तिथं खाली तसाच पडला होता.

"भावजी, तो खोटं बोलला. घाल म्हणणारी मी. पाडू नको म्हणणारीही मीच. तो पहार घेऊन निघाला होता, मी दारात आडवी पडले."

स्तामातीसनं जाळं बाजूला सारलं.

"त्या चढावर कालीत्सा मला विचारत होती, 'आलं का आमुदी?' तीनदा विचारलं. चौथ्यांदा विचारलं नाही." त्यानं नाक पुसलं. "दहा-बारा दगड काढले असते तरी जाता आलं असतं. वरून जाऊ म्हणणारा मी होतो. ते माझं मी बघीन. पण तुझ्यासाठी तो शब्द माझ्या तोंडून निघत नाही वहिनी. आज तरी नाही."

"मी मागायला थांबलेच नाही," ती म्हणाली आणि रडत रडत डोंगराकडे वळली.

"वहिनी!" त्यानं मागून हाक मारली. "परत यायचं असेल तर वरून येऊ नकोस. वाटेनं ये."

ती थांबली. मग डोंगर सोडून खालच्या वाटेला लागली.

गडग्याची ही बाजू ती पहिल्यांदाच बघत होती. तिनं डोक्याचा काळा रुमाल सोडून हाताला गुंडाळला आणि वरचे काटे ओढून काढले. पहिला दगड हलेना. हलला तेव्हा समुद्रात धप्पकन पडला. ऊन कलेपर्यंत बोटं सोलवटून निघाली, कंबर मोडली, पण मधोमध छातीइतकी खिंड पडली आणि पलीकडे आमुदीची पुळण दिसली, अगदी जवळ.

"आलं गं कालीत्सा, आलं आमुदी," झाबेता मोठ्यानं म्हणाली आणि तिनं पुढच्या दगडाला हात घातला.